काकांची पिन आणि माझ्या तीन सुया

तर झालं असं, की गेल्या रविवारी आमचे मोठे काका सकाळी सकाळी घरी आले, टर्नटेबलसमोर खुर्ची ओढून बसले, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पिन हलकी आहे रे तुझी. वर एखादं नाणं ठेव."

आता मी ज्या सुईबद्दल तीन महिने वाचत होतो, जिचं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजायला मी वेगळा काटा मागवला होता, तिच्याबद्दल हे ऐकून माझा चेहरा काय झाला असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पण काकांना उलट बोलणं शक्य नव्हतं. एक तर ते काका. दुसरं म्हणजे चेण्यात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर लग्नांत रेकॉर्डी वाजवण्यात त्यांची जवानी गेली, आणि माझा अनुभव तीन महिन्यांचा. अर्थात नाणं काही मी ठेवलं नाही. (त्या दिवशी तरी नाही. ते पुढे येईलच.)

आजोबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, गाडीची बॅटरी, आणि झाकणाच्या पेटीतला चार स्पीडचा रेकॉर्ड प्लेअर. हळद, लग्न, साखरपुडा, गणपती, सत्यनारायण. भोंगा आंब्यावर नाहीतर बांबूला बांधायचा आणि आवाज पार खाडीपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर यजमान पैसे देताना कुरकुर करणार. मग कॅसेट आल्या, मग सीडी, मग डीजे. आजोबा गेले, अँप्लिफायर भंगारात गेला, भोंगे कुणीतरी मागून नेले. राहिला तो प्लेअर आणि पत्र्याच्या दोन पेट्या. काकांच्या माळ्यावर त्या कित्येक वर्षं पडून होत्या. घर पत्रे काढून स्लॅबचं करायचं ठरलं तेव्हा खाली उतरवल्या आणि "तू इंजिनिअर ना, बघ काय होतंय" म्हणून माझ्याकडे आल्या.

पेट्यांत साठेक रेकॉर्डी निघाल्या. निम्म्या ७८ च्या, म्हणजे लाखेच्या. बाकी ४५ च्या ई.पी., आणि खाली जुन्या साडीत गुंडाळलेल्या दहा-बारा एल.पी. लेबलं कसरीने खाल्लेली, कव्हरांवर बुरशी. नाल्यापलीकडे जंगल आणि अलीकडे खाडी असलेल्या गावात चार पावसाळे काढले की माणसांनासुद्धा बुरशी लागते, रेकॉर्डीचं काय घेऊन बसलात.

प्लेअरला वीज दिली तर चक्क फिरला! आवाज मात्र शून्य. दोष सापडायला अर्धा रविवार गेला. दोष होता कार्ट्रिजमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेकॉर्डची खाच ही सरळ नसते, ती नागमोडी असते, आणि ती नागमोड म्हणजेच गाणं. त्या खाचेतून सुई जाते, सुई थरथरते, आणि त्या थरथरीची वीज करणारी जी चिमुकली डबी टोनआर्मच्या टोकाला असते ती कार्ट्रिज. काका ज्याला पिन म्हणतात त्यात त्यांच्या मते सुई, डबी सगळंच येतं. अँप्लिफायर, स्पीकर, वायरी यांवर लोक लाखभर रुपये घालवतात, पण खाचेतून जे या डबीने उचललंच नाही ते पुढे कुणीही आणून देऊ शकत नाही.

आजोबांच्या प्लेअरची डबी क्रिस्टलची होती. त्यात रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो वाकला की वीज देतो, आणि चांगली भरघोस देतो, जवळपास व्होल्टमध्ये. म्हणून त्या जुन्या प्लेअरना वेगळा प्रीअँप लागत नसे. पण क्षार तो क्षार. दमट हवेत तो पाणी पितो आणि मरतो. चेण्यासारख्या ठिकाणी त्याने कितीसा दम धरावा? मी डबी उघडली तर आत नुसता पांढरट चिखल होता.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्या डबीला बाजूला एक छोटी दांडी होती. इकडे फिरवली की एल.पी.ची सुई खाली, तिकडे फिरवली की ७८ ची. एकाच कार्ट्रिजला दोन सुया! तेव्हा मला ही फक्त गंमत वाटली होती. तिचं कारण कळायला मला एक सुई मोडावी लागली.

आणि त्या आर्मच्या डोक्यावर, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली, चार आण्याचं एक नाणं होतं.

मग मी नवीन टर्नटेबल घेतलं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स, कारण त्यात ३३ आणि ४५ बरोबर ७८ चाही स्पीड आहे आणि तो आजकालच्या बऱ्याच टर्नटेबलांत नसतो. त्याबरोबर एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज येतं. हे मूव्हिंग मॅग्नेट जातीचं. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन चिमुकले लोहचुंबक, आणि समोर तारेची वेटोळी. चुंबक हलले की वेटोळ्यात वीज. किती? ४ मिलिव्होल्ट. आजोबांच्या स्फटिकाच्या शंभरावा हिस्सासुद्धा नाही. म्हणून प्रीअँप लागतो.

पहिल्या रात्री काय वाजवलं? मी फोर्टच्या फुटपाथवरून आणलेली किशोरीताईंची एल.पी., एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. तिचा स्वर लागला आणि पाठोपाठ स्पीकरचा कागद आतबाहेर डुलायला लागला. गाण्याशी काही संबंध नाही, आपल्याच तालात. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. घोडबंदर रोड! रात्री कंटेनरांची रांग लागते, आमच्या घराच्या फरशीला तो थरथराट पायाला जाणवतो, मग सुईला जाणवणारच.

इथे कार्ट्रिज निवडण्याचा पहिला धडा. प्रत्येक आर्म आणि कार्ट्रिजची जोडी एका ठराविक कंपनाला स्वतःहून डोलते. सूत्र सोपं आहे: १५९ भागिले (वस्तुमान गुणिले लवचिकता) याचं वर्गमूळ. आर्मचं परिणामी वस्तुमान १२ ग्रॅम धरा, कार्ट्रिजचं ६, स्क्रूचा एक, म्हणजे १९. लवचिकता व्हीएम९५ई च्या कागदावर ७ लिहिलीय, पण जपानी कंपन्या ती १०० हर्ट्झला मोजतात. आपल्याला १० हर्ट्झची हवी, तर ती ढोबळपणे दुप्पट धरायची, १४. उत्तर आलं साधारण १० हर्ट्झ. पुस्तकाप्रमाणे उत्तम, कारण ८ ते १२ च्या मधे यावं असं म्हणतात. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरामागून कंटेनर जात नव्हते. जमिनीचा थरथराट नेमका याच्याच आसपास असतो. शेवटी कडाप्प्याची एक लादी आणली, तिच्याखाली स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवली, आणि त्यावर टर्नटेबल. आई म्हणाली, देवघर केलंस की काय.

असो. मूळ विषय सुईचा.

दुसऱ्या रविवारी मी मोठ्या हौसेने ७८ ची एक रेकॉर्ड लावली. स्पीड ७८ वर, बाकी तेच. आवाज आला तो तेलात मोहरी तडतडावी तसा, आणि मागे कुठेतरी कुणीतरी गातंय. रेकॉर्डला काठापासून एक बारीक तडा होता तो मला दिसला नाही. तिसऱ्या फेऱ्याला सुई त्यात अडकून उडाली, आणि उचलून पाहिलं तर दांडी आहे, टोकाचा हिरा नाही. गेला.

चूक साधी होती. एल.पी.ची खाच साधारण ५० मायक्रॉन रुंद असते, ७८ ची जवळपास तिप्पट. एल.पी.ची सुई ७८ च्या खाचेत टाकणं म्हणजे हायवेच्या खड्ड्यात सायकल घालणं. ती भिंतींना धड टेकतच नाही, तळातल्या कचऱ्यातून खडखडत जाते. ७८ ला टोकाची त्रिज्या ७५ मायक्रॉनच्या आसपास असलेली जाड सुई लागते. त्यात लाखेच्या रेकॉर्डीत दगडाची भुकटी मिसळलेली असते, ग्रामोफोनची पोलादी टाचणी त्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. टाचणी दर बाजूला बदलायची असे. म्हणजे त्या काळी रेकॉर्ड सुईला झिजवायची, हे आधीच ठरलेलं होतं. आणि आपल्याकडे ७८ फार काळ टिकल्या. बाहेर त्या बंद पडत आल्या तेव्हाही, १९६० च्या दशकात, डमडमच्या कारखान्यात बीटल्सच्यासुद्धा ७८ निघत होत्या. वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन होते ना. आजोबांच्या पेटीत त्या निम्म्या का, ते यावरून कळतं. आणि ती दांडी का होती, तेही.

आता सुई आणायचीच आहे तर कार्ट्रिजच चांगलं का घेऊ नये, असा सुज्ञ विचार मनात आला. ऑफिसात एक मित्र आहे, त्याच्याकडे या विषयावर मतं भरपूर. त्याने डेनॉन डीएल-१०३ चं नाव घेतलं. हे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनलेलं कार्ट्रिज, आणि अजूनही बनतं. मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबक जागेवर आणि वेटोळी हलतात. त्याच्या घरी जाऊन ऐकलं. खरं सांगतो, तबल्याचा बायाँ असा मी आयुष्यात ऐकला नव्हता. दोन दिवस झोप लागली नाही.

पण हिशेब मांडला तेव्हा गाडी अडली. ते देतं फक्त ०.३ मिलिव्होल्ट, त्यामुळे प्रीअँप दुसरा. त्याला जड आर्म मानवतो. आणि मुख्य म्हणजे त्याची सुई आपल्याला काढता येत नाही. झिजली की अख्खं कार्ट्रिज बदला, नाहीतर कारागिराकडे पाठवून नवा हिरा बसवून घ्या. नवी कोरी, जपलेली रेकॉर्ड वाजवणाऱ्यासाठी ठीक आहे. माझ्याकडे काय आहे? एका पेटीत लाख, दुसरीत ओरखडे. मला एका चांगल्या सुईपेक्षा वेगवेगळ्या सुया लागणार होत्या.

शुअरचाही मोह झाला, पण त्या कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच थांबवलं. जपानच्या जिको वगैरे कंपन्या त्यांच्या सुया बनवतात, तरी ज्याचा मूळ कारखाना बंद त्यात नव्याने शिरायचं मला पटेना. सपोर्ट संपलेल्या सॉफ्टवेअरवर नवीन प्रोजेक्ट कोण सुरू करतं? (करतात. आम्हीच करतो. पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

तेव्हा लक्षात आलं की जे फुकट आलं होतं त्याचीच डबी कामाची आहे. व्हीएम९५ मालिकेत डबी तीच आणि सुया सहा तऱ्हेच्या. समोरचं प्लास्टिक ओढायचं, दुसरी सुई सरकवायची, झालं. मी तीन घेतल्या. सी, म्हणजे साधी गोल टोकाची. एमएल, म्हणजे मायक्रोलिनिअर, जिचं टोक रेकॉर्ड कापणाऱ्या पात्यासारखं अरुंद असतं. आणि एसपी, ७८ ची जाड. मोडलेली लंबगोल ई पुन्हा घेतली नाही. कंपनीच्याच आकड्यांनुसार गोल सुई ५०० तास टिकते, लंबगोल ३००, मायक्रोलिनिअर १०००. ई मला मधल्यामधे लोंबकळणारी वाटली. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आणि मग खरी मजा सुरू झाली.

एल.पी.वर एमएल जिंकणार हे अपेक्षितच होतं. साडीत गुंडाळलेल्या आजोबांच्या एल.पी. त्यांच्या स्वतःच्या असणार. भीमसेनांचे अभंग, थोडं नाट्यसंगीत. धुतल्यावर (डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश) त्या जवळपास नव्यासारख्या वाजल्या. एल.पी.च्या बाजूचं शेवटचं गाणं नेहमी थोडं फाटतं, कारण मधल्या लेबलाकडे जाताना वर्तुळ लहान होतं, खाच सुईखालून हळू सरकते, आणि तेवढ्याच जागेत तोच आवाज दाटीवाटीने बसवलेला असतो. गोल सुईला ती दाटी सोसत नाही, टाळ एकमेकांत मिसळतात. एमएलने टाळ सुटे ऐकवले. किशोरीताईंच्या भूपातली मींड सी सुईवर गुळगुळीत, गोड लागते. एमएलवर तिच्यात श्वास ऐकू येतो. ज्याला गोड हवं त्याने सी घ्यावी, आणि पैसेही वाचतील. मला श्वास हवा.

पण लग्नाच्या ई.पी. काढल्या आणि माझा तर्क कोलमडला. हेमंतकुमार आणि लताबाईंचं कोळीगीत असलेली एक ई.पी. आहे, आमच्याकडच्या प्रत्येक हळदीत वाजलेली. सी सुई टाकली तर नुसती खरखर, प्रत्येक 'स' ला फुत्कार. एमएल टाकली. पहिल्या गाण्यात काहीही फरक नाही, उलट खरखर जास्त स्वच्छ ऐकू आली. मी निराश होऊन तसंच वाजू दिलं. त्याच बाजूचं दुसरं गाणं आलं आणि खोलीत जणू कुणी खिडकी उघडली. उलट बाजूचं शेवटचं गाणं तर कोरं करकरीत. कधी कुणी वाजवलंच नव्हतं!

त्याचं कारण असं. जुनी गोल सुई खाचेच्या भिंतीला एका ठराविक उंचीवर टेकते आणि तिथेच झीज करते. एमएलचं टोक त्याच भिंतीला वरून खालपर्यंत उभ्या रेषेत टेकतं, आणि त्याच्या खाली, जिथे जुनी सुई कधी पोचलीच नाही, तिथे गाणं अजून शाबूत असू शकतं. दुसऱ्या गाण्यात ते होतं. पहिल्या गाण्यात भिंत पार खालपर्यंत तासून गेली होती.

मग मी पेटीतल्या सगळ्या ई.पी. एकेक करून दोन्ही सुयांनी ऐकल्या आणि वहीत लिहीत गेलो. ऑफिसात आम्ही सर्व्हरच्या लॉग फाइल वाचतो, कुठल्या पानावर किती लोक आले. हे तेच होतं. ही झीज म्हणजे आजोबांच्या धंद्याचा लॉग. कुठलं गाणं हळदीला चालायचं, कुठलं वरात निघताना, कुठल्या रेकॉर्डची फक्त एक बाजू लोकांना हवी होती. एका ई.पी.वर गाण्याच्या मधोमध अर्ध्या मिनिटाचा पट्टा जास्त झिजलाय. काकांना विचारलं तर म्हणाले, "तिथून नाच सुरू व्हायचा. पोरं ओरडायची, पुन्हा लावा, पुन्हा लावा."

अजून एक गोष्ट त्या वहीत दिसली. झीज सारखी नव्हती, डाव्या चॅनेलमध्ये कायम जास्त. फिरणारी रेकॉर्ड आर्मला आत, मध्याकडे ओढते, त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर जास्त रेलते, आणि आतली भिंत म्हणजे डावा चॅनेल. हल्लीच्या आर्मना ही ओढ सावरायला अँटी-स्केटिंग असतं; आजोबांच्या आर्मला नव्हतं. या सगळ्या रेकॉर्डी मोनो (एच.एम.व्ही.च्या ई.पी.वर ७ईपीई आणि एल.पी.वर ईसीएलपी लिहिलेलं असेल तर मोनो समजा), म्हणजे दोन्ही भिंतींवर गाणं एकच. मग डावा चॅनेल टाकून द्यायचा आणि उजवाच दोन्ही स्पीकरना द्यायचा. ज्यांच्याकडे जुन्या मोनो रेकॉर्डी आहेत त्यांनी हे जरूर करून पाहा. महागड्या कार्ट्रिजने पडणार नाही एवढा फरक फुकटात पडतो.

आता ते नाणं.

मी ते माझ्या काट्यावर ठेवलं: २.४९ ग्रॅम. चार आण्याचं नाणं अडीच ग्रॅमचंच असायचं. तसल्या क्रिस्टलच्या डब्या आधीच पाच-सहा ग्रॅमने टेकत. त्यात हे. म्हणजे आठच्या घरात, नीलमण्याच्या सुईवर, जी हिऱ्यापेक्षा कितीतरी लवकर झिजते आणि झिजली की छिन्नीसारखी कापते. माझी एमएल २ ग्रॅमवर चालते. थोडक्यात, पहिलं गाणं तासलं गेलं ते या नाण्याने.

हे काकांना सांगावं की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. आजोबांनी ठेवलं असेल तर बोलणं बरं नाही, काकांनी ठेवलं असेल तर त्याहून बरं नाही. शेवटी गेल्या रविवारी त्यांनीच "नाणं ठेव" म्हटल्यावर मी हळूच म्हणालो, "काका, नाण्याने रेकॉर्डी घासल्या ना पण."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "मग? घासणारच. नवऱ्याकडची माणसं दारात आली आणि पिन उडाली तर इज्जत कुणाची जाणार? घासली की बाबा मुंबईहून दुसरी आणायचे. गणपतीची तर तीनदा आणली."

मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या लेखी रेकॉर्ड म्हणजे जपायची वस्तू. त्यांच्या लेखी ती बॅटरीच्या पाण्यासारखी, धंद्यात संपणारी.

'गणपतीची' म्हणजे ती ७८, जी प्रत्येक कार्याच्या सुरुवातीला लागायची. तिसरी प्रत पेटीत आहे, आणि ती शेवटची. लेबल कसरीने इतकं खाल्लंय की गाणाऱ्याचं नाव नाही, कंपनीच्या चित्राचा एक कोपरा फक्त उरलाय. लाखेवर लेबलाजवळ एक नंबर कोरलेला असतो तो वाचता येतो. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी अशाच नंबरांवरून कितीतरी रेकॉर्डींचा इतिहास लावलाय. मीही शोधतोय, अजून पत्ता लागलेला नाही. आमच्या घरात तरी हे गाणं दुसरीकडे कुठेच नाही, ना कॅसेटवर ना फोनमध्ये. ती मी अजून वाजवली नव्हती. मोडलेल्या हिऱ्याची भीती होती.

ती धुताना एक काळजी घ्यायची: स्पिरिट अजिबात नाही. एल.पी.ला थोडं चालतं, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बांगड्यांची, सुताराच्या पॉलिशची जी लाख तीच ही. साध्या पाण्याने पुसली, उजेडात धरून तडे पाहिले. नव्हते.

एसपी सुई लावली. तिचं वजन किती ठेवायचं म्हणून कागद पाहिला: ४.५ ते ५.५ ग्रॅम, शक्यतो ५. आणि माझ्या आर्मच्या मागच्या वजनाच्या चकतीवर आकडे आहेत ४ पर्यंत.

वजन आणखी फिरवून, काट्यावर बघून ५ करता आलं असतं, हे मलाही माहीत आहे. पण काका समोर बसले होते, आणि ते नाणं माझ्या टेबलावर होतं. मी चकती अडीचवर ठेवली, दुहेरी टेपचा तुकडा लावून नाणं हेडशेलवर चिकटवलं, आणि सुई काट्यावर टेकवली. ४.९. काका काही बोलले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढली.

खरखर होती, भरपूर. तिच्यातून एक पेटी, एक बाईचा उंच, नाकातला आवाज. फोनो प्रीअँप एल.पी.साठी ठरलेल्या आरआयएए वळणाने वरच्या पट्टीतला आवाज खाली दाबतो, ७८ ला ते दाबणं जास्त होतं, म्हणून मी ट्रेबल थोडी वर घेतली. उजवा चॅनेल घेतला. शब्द सुटे झाले. मी काकांकडे पाहिलं.

"ही नाही," काका म्हणाले.

"काका, हीच आहे. पेटीत दुसरी नाही."

"रेकॉर्ड हीच आहे. पण हा आवाज नाही. बाईचा आवाज जाड होता."

मी मनात म्हटलं, झालं, आता एसपी सुद्धा यांना नापास. मग एकदम आठवलं. आजोबांच्या प्लेअरचं रबराचं चाक घासून गुळगुळीत झालेलं मी पाहिलं होतं. ते घसरलं की तबकडी हळू फिरणार, आणि हळू फिरली की आवाज जाड. मी पिच कंट्रोलची पट्टी खाली सरकवायला लागलो. उणे एक. उणे दोन. काका मान हलवत होते, नाही नाही. उणे चारच्या जरा पुढे त्यांनी हात वर केला.

मी पट्टी सोडली. तीन मिनिटांची बाजू, त्यातलं एक मिनिट राहिलं होतं. ते संपेपर्यंत दोघंही गप्प बसलो होतो.

मग मी नवीन कागदी कव्हरावर पेन्सिलीने लिहिलं: एसपी सुई, ५ ग्रॅम, उजवा चॅनेल, पिच उणे ४. काकांनी ते वाचलं, पेन्सिल मागून घेतली, आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं: नाणं.